पाणी न हलणारं बंदर

भरतीच्या खोलीचं छत दुपारी हलायचं. खोली धक्क्याच्या अगदी टोकाला, खिडकीखाली थेट पाणी. ऊन कललं की पाण्यावरचा उजेड आत शिरायचा आणि छतावर लाटा काढत बसायचा. एकतीस वर्षं मी त्या छताखाली काम केलं. निवृत्त झाल्यावरही रोज जाऊन बसायचो, कारण खिडकीतून दिसणारी मोजकाठी वाचून वहीत पाण्याची उंची लिहायची सवय सुटली नव्हती. कुणी हटकलं नाही, म्हणून मीही कुणाला विचारलं नाही.

एका दुपारी दार उघडून आत गेलो तर एक बाई खोलीच्या मधोमध मान वर करून उभी. चाळिशीची असेल. खांद्याला जड पिशवी, एका हातात वायरचं भेंडोळं.

"हे कायम असंच असतं?" तिने छताकडे बघतच विचारलं.

"ऊन असलं की."

"मग इथे कामं कशी करता तुम्ही?"

"करत नाही. बघत बसतो."

ती मोठ्याने हसली. मोठ्याने हसणाऱ्या माणसांपासून मी एरवी लांब राहतो. पण तिने लगेच टेबलाचा अर्धा भाग मोकळा केला, आपला संगणक मांडला आणि म्हणाली, "काका, अर्धं टेबल तुमचं, अर्धं माझं. छत दोघांचं."

बंदरात तिला सगळे दुभाषी म्हणत. काम तसंच होतं तिचं. आमच्याकडे भरती-ओहोटीचं एक जुनं गणित होतं, फोरट्रान नावाच्या भाषेत लिहिलेलं. किनाऱ्यावरच्या अकरा बंदरांत कुठल्या दिवशी कुठल्या तासाला पाणी किती असेल ते सांगायचं. कितीतरी जणांनी आयुष्यभर काठ्या वाचून केलेल्या दुरुस्त्या त्यात मुरलेल्या होत्या. पण कार्यालय हलवताना मूळ लिखाण हरवलं आणि हाती राहिलं ते फक्त यंत्राला कळणारं गाठोडं. चालवता यायचं, उघडून वाचता यायचं नाही. आता धक्क्यावर मोठा उजेडाचा फलक लागणार होता आणि लोकांना फोनवरही पाणी विचारता येणार होतं, आणि ते उत्तर बंदराच्या नावासह फलकावरही उमटणार होतं. ते सगळं नव्या भाषेत, पायथनमध्ये. नव्याने जुन्याला विचारायचं, जुन्याने नव्याला सांगायचं, आणि मध्ये ही.

जुन्या गाठोड्याला ती आजोबा म्हणायची. "आजोबांना बदलता येत नाही," ती म्हणायची. "त्यांच्या कलानं घ्यायचं."

दुभाषी हे नाव तिला बंदरानं दिलं, पण धंदा तिचा फार जुना. तिच्या आईला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. वडील लवकर गेले. पाच वर्षांची असल्यापासून ही पोर दुकानात, दवाखान्यात, शाळेत आईच्या वतीने बोलायची आणि लोकांचं बोलणं हातांनी आईला सांगायची. शिक्षकांनी हिचीच तक्रार केली की तीही हिलाच आईला सांगावी लागायची. "आणि मी एक शब्द गाळला नाही कधी," ती मला म्हणाली. मग स्वतःलाच दुरुस्त करत, "एकदा गाळला. आईनं शिक्षकांच्या तोंडाकडे बघून ओळखलं. कानाला खडा लावला तेव्हापासून."

तिचा नवरा फेरीबोटीचा कप्तान. बंदराच्या तोंडाशी वाळूचा दांडा आहे. त्यावर सव्वादोन मीटर पाणी असल्याशिवाय फेरी काढायची नाही, असा नियम. इतकी वर्षं ते छापील पुस्तकात बघून ठरायचं. येत्या एक तारखेपासून पुस्तक बंद, फलक सुरू. फलक जे म्हणेल त्यावर हिचा नवरा दीडशे माणसं घेऊन दांड्यावर जाणार. ती हे कधी बोलून दाखवायची नाही. पण खिडकीतून फेरी दिसली की तिची बोटं कळफलकावर थांबत आणि फेरी वळणाआड जाईपर्यंत तशीच राहत.

पहिला महिनाभर आजोबांनी तिला छळलं.

पहिल्यांदा भरती फलकावर एक तास आधी आली. समोर काठीवर पाणी चढतंय, फलक म्हणतो उतरायला लागलं. दोन दिवस तिने डोकं आपटलं आणि तिसऱ्या दिवशी कपाळावर हात मारला. आजोबा तास मोजायचे एकपासून, पायथन मोजायची शून्यापासून. "म्हणजे आम्ही दोघं एकाच जिन्यावर," ती म्हणाली, "पण त्यांच्या लेखी पहिली पायरी ती माझ्या लेखी पायरीच नाही."

मग बंदरांच्या नावांवर घोडं अडलं. आजोबांना प्रत्येक नाव मोजून आठ घरांत हवं, कमी पडलं तर उरलेली घरं कोरी. नवी भाषा नाव सांगून झाल्यावर 'संपलं' अशी खूण पाठवायची. आजोबा ती खूणही अक्षर समजायचे आणि सांगायचे, असं बंदर नाही.

"खरंच आहे त्यांचं," मी म्हणालो. "हाक मारून शेवटी कुणी 'संपलं' म्हणतं का?"

"तुम्ही त्यांच्याच बाजूचे!"

तिसऱ्यांदा तक्ता आडवा पडला. आजोबा आकडे उभ्या रांगांनी ठेवत, नवी भाषा आडव्या रांगांनी वाचे. पाच तारखेचे चोवीस तास मागितले की महिनाभराच्या सगळ्या दिवसांचा पाचवा तास हजर. ती त्या आकड्यांकडे बराच वेळ बघत राहिली. रोजच्या पहाटेचं पाणी, एकाशेजारी एक. "चुकलंय," ती म्हणाली, "पण किती छान आहे. सगळ्या पहाटा एका ओळीत." मग तिने ते सरळ केलं.

महिन्याच्या शेवटी सगळं जमलं. माझ्या काठीवरचे आकडे आणि फलकाचे आकडे बोटभराच्या फरकाने जुळू लागले. साहेब खूश झाले. बंदराच्या साहेबांना आम्ही मागे 'झालंच' म्हणायचो, कारण कुठलंही काम सांगितलं की त्यांचं पहिलं वाक्य "झालंच म्हणून समजा" असं असे. त्यांनी फलकावरचं कापड काढायचा कार्यक्रमही ठरवला.

आणि पाच दिवस उरले असताना माशी शिंकली.

दुपारची वेळ, छतावर लाटा. चाचणीसाठी कार्यालयातले दहा-बारा जण आपापल्या फोनवरून वेगवेगळ्या बंदरांचं पाणी विचारत होते. मी काठी वाचली, एक मीटर साठ. तिने पडद्याकडे बघितलं आणि हळूच म्हणाली, "काका, पुन्हा वाचा."

"एक साठ."

पडद्यावर दोन मीटर नव्वद होतं.

तिने पुन्हा विचारलं. एक साठ. आणखी दहादा, पन्नासदा विचारलं. एक साठ, एक साठ. जणू ते दोन नव्वद तिला आणि मला एकदमच पडलेलं स्वप्न होतं.

दुसऱ्या दिवशीही तेच. दिवसभर बरोबर आणि एकदाच, मधूनच, भलतं. पकडायला जावं तर पाण्यातल्या सावलीसारखं हातातून निसटायचं. ती साहेबांकडे गेली. दार उघडं होतं, त्यामुळे मला ऐकू आलं.

"हजारात एकदा?" साहेब म्हणाले. "अहो, माझं घड्याळ याहून जास्त चुकतं."

"साहेब, घड्याळ चुकलं तर तुम्ही उशिरा येता. हे चुकलं तर फेरी वाळूवर बसेल."

"होईल हो दुरुस्त मागाहून. एक तारखेचं झालंच म्हणून समजा."

"मग चाचणीच्या कागदावर सही तुम्ही करा. मी करणार नाही."

ती परत आली तेव्हा तिचे कान लाल झाले होते. संध्याकाळी तिचा नवरा तिला न्यायला आला. गडगडणारा, आडवा माणूस, दारातून आत आला की खोली लहान व्हायची. तिने सांगितलं तसा तो म्हणाला, "एकदाच चुकतो ना? मग माझ्यापेक्षा बराय. मी दिवसातून चारदा चुकतो, विचार तुझ्या आईला."

ती हसली नाही. "तू फलक बघूनच निघशील ना?"

"नियम आहे तसा."

"मला विचारून निघ."

"दर फेरीला? अगं, लोक म्हणतील कप्तान बायकोला विचारल्याशिवाय हलत नाही."

"ते आत्ताही म्हणतात," ती म्हणाली, आणि तोंड वळवून वायरी गुंडाळू लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती माझ्या अर्ध्या टेबलाकडे खुर्ची फिरवून बसली. "काका, तुम्ही आजोबांना एकतीस वर्षं चालवलंत. कसे चालवायचात? सगळं सांगा. हात कुठे ठेवायचात तेही."

मी सांगितलं. दर वर्षाच्या शेवटी पुढच्या वर्षाचं पुस्तक काढायचो. एका वेळी एक बंदर. वर्षभराचे आकडे येऊ द्यायचे, कागद फाडून घ्यायचा, मग पुढचं बंदर. तिने सगळं लिहून घेतलं. "आणखी?"

"आणखी काही नाही," मी म्हणालो.

हे खोटं होतं. एक गोष्ट होती, पण ती इतकी खुळचट वाटायची की मी ती आजवर बायकोलाही सांगितली नव्हती. तरी एवढं खरं, की तिला खोटं सांगितल्यावर मला छताकडे बघवेना.

दोन दिवस उरले. त्या दुपारी तिची आई डबा घेऊन आली. लहानखुरी, पांढऱ्या केसांची, पावलांचा आवाज न करता चालणारी. ती बोलायची ती हातांनी, आणि तिची एक पद्धत होती. कुणाशीही बोलण्याआधी ती त्याच्या मनगटाला दोन बोटं लावायची, त्याची नजर आपल्याकडे येईपर्यंत थांबायची, आणि मगच हात हलवायची. नवराही आला होता. आम्ही चौघं डब्याभोवती बसलो.

नवरा सासूला काहीतरी गमतीचं सांगत होता, मोठे मोठे हात करून. ते संपायच्या आत मी, कधी नव्हे ते, धीर करून तिला खुणेनं विचारलं की जेवण तुम्हीच केलंत का. ती माझ्याकडे वळली आणि गोंधळली. तिच्या चेहऱ्यावर अजून जावयाची गंमत होती आणि माझ्या प्रश्नाला तिने जे उत्तर दिलं ते ऐकून, म्हणजे लेकीकडून ऐकून, नवरा खो खो हसत सुटला.

"काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"म्हणतेय, हो, मीच, पण तो खलाशी पाण्यात पडला तेव्हा पँट कुणाची होती?" दुभाषी म्हणाली. "तुम्ही त्याच्या गोष्टीत शिरलात, काका. तिचं आधीचं अजून पुसलं नव्हतं."

म्हातारीनं डोळे मिटले. उघडा तळवा हवेतून सावकाश आडवा फिरवला, पाटी पुसावी तसा. मग डोळे उघडून माझ्या मनगटाला दोन बोटं लावली. आता तू.

तो पुसणारा हात बघून मी हातातला घास खाली ठेवला.

"पोरी," मी म्हणालो, "एक राहिलंय सांगायचं."

माझ्या आधी या खोलीत एक म्हातारा होता, त्याच्याकडून मी काम शिकलो. तो दर दोन बंदरांच्या मध्ये आणखी एक बंदर चालवायचा. नसलेलं. नावाची आठही घरं कोरी, सगळे आकडे शून्य. यंत्र एक कागद काढायचं, त्यावर वर्षभराचं पाणी शून्य, शून्य, शून्य. तो कागद चुरगळून टाकायचा आणि मग खरं बंदर. मी त्याला विचारलं होतं हे कशाला. तो म्हणाला, "दोन बंदरांच्या मध्ये पाणी शांत होऊ द्यावं." एवढंच. मला वाटलं, म्हाताऱ्याचा विक्षिप्तपणा. पण मोडायचा धीर झाला नाही, म्हणून एकतीस वर्षं मीही तेच केलं. निवृत्त होताना साहेबांनी कामाची पद्धत लिहून मागितली तेव्हा मात्र ती ओळ गाळली. लोक हसतील म्हणून.

मी एवढं सलग क्वचितच बोललो असेन. कुणी हसलं नाही.

"नसलेलं बंदर," ती पुटपुटली. "भरती नाही, ओहोटी नाही."

"मी कधी कधी त्याचा विचार करायचो," मी म्हणालो. खरं तर पुष्कळदा करायचो. धुक्यातला एक धक्का, आणि काठीवर पाण्याची रेघ कायम एकाच जागी. दुपारी डुलकी लागली की मी तिथे जाऊन बसायचो. पण हे तिला सांगितलं नाही.

ती केव्हाच पडद्याकडे वळली होती. उत्तरेकडे नदीच्या मुखाशी एक बंदर आहे, तिथलं पाणी फार चढतं, आणि सहसा कुणी ते विचारत नाही. तिने आधी ते विचारलं आणि लगेच आमचं. दोन नव्वद. तिने पुन्हा तसंच केलं. दोन नव्वद. इतके दिवस निसटणारी सावली तिच्या तळहातावर येऊन बसली होती. मग तिने दोन्हीच्या मध्ये कोरं बंदर टाकलं.

एक साठ. मी काठी वाचली. एक साठ.

"आजोबा मागचं विसरत नाहीत," ती सावकाश म्हणाली. तिने एकीकडे बोलत, एकीकडे हातांनी आईला सांगत आम्हाला समजावलं. आधीचं पाणी जिथे सोडलं तिथून ते पुढे मोजायला लागतात. एकाच बंदराचं वर्ष ओळीने मोजताना ते बरोबरच. पण मध्येच दुसरं बंदर विचारलं की पहिलं उत्तर आधीच्या पाण्याने ओढलं जातं, दुसऱ्या उत्तराला ठिकाणावर येतं. म्हणून तिने पुन्हा विचारलं की प्रत्येक वेळी बरोबर यायचं. शेजारशेजारच्या बंदरांत फरक बोटभर, कुणाच्या लक्षात न येणारा. नदीमुखाचं कुणी विचारलं आणि पाठोपाठ आमचं, तरच घात. कोरं नाव आलं की मात्र ते सगळं पुसतात.

"हे त्या म्हाताऱ्याला माहीत होतं?" नवऱ्याने विचारलं.

"त्याला कुणी सांगितलं असेल. त्या कुणाला कदाचित लिहिणाऱ्यानेच."

"आणि काकांनी पोटात ठेवलं."

"तू गप्प बस," ती म्हणाली. मला ती काही बोलली नाही. बोलली असती तर बरं वाटलं असतं.

बाकीचं तिने दीड दिवसात केलं. शंभर जणांनी एकदम विचारलं तरी आजोबांपुढे एकेकालाच जाऊ द्यायचं, बाकीच्यांनी रांगेत उभं राहायचं, आणि दर दोघांच्या मध्ये कोरं बंदर. साहेब बघायला आले. फलकावर आकडा बदलताना मध्ये क्षणभर अंधार व्हायचा.

"हे काय? लुकलुकतंय."

"मागचं पुसतंय, साहेब."

"लोकांना झटपट लागतं हो. हे काढता नाही येणार?"

"साहेब, पापणी न लवता बघणारा माणूस तुम्ही पाहिलाय का?"

साहेबांची पापणी लवली. त्यांनी कागद पुढे सरकवला, आणि या वेळी सही तिने केली.

मग तिने एक नवा कागद माझ्यापुढे ठेवला. त्यावर आजोबांना कसं चालवायचं ते तिने मुद्देसूद लिहिलं होतं. तास एकपासून, नावं आठ घरांत, तक्ता उभ्या रांगांनी. खाली चार ओळींची जागा कोरी. "ही तुमची ओळ," ती म्हणाली. "तुमच्याच हातानं."

"तूच लिही. तुझी भाषा चांगली आहे."

"काका, माझ्या तोंडून खूप लोक बोललेत. हे तुम्हीच बोला."

मला चार ओळी लिहायला दुपार लागली. तीनदा खोडलं. शेवटी लिहिलं ते म्हाताऱ्याचंच वाक्य होतं, आणि खाली, कसं करायचं ते. लोकांनी वाचावं म्हणून, काही न गाळता मी लिहिलेली ती पहिली गोष्ट. ही दुसरी.

एक तारखेला सकाळी धुकं होतं. धक्का, बोटी, पलीकडचा किनारा, सगळं पांढऱ्यात विरघळलेलं. फलकाचे आकडे तेवढे हवेत टांगल्यासारखे दिसत होते. फेरी भरली होती. कप्तान वर काचेमागे उभा. मी आणि तिची आई बाकावर बसलो होतो, ती फलकाखाली, हात खिशात.

लोक फोनवर पाणी विचारून बघत होते, नव्याची नवलाई. कुणीतरी गमतीने नदीमुखाचं विचारलं. फलकावर चार मीटर दहा आलं. पाठोपाठ कुणीतरी आमचं विचारलं. मला तिची पाठ ताठ झालेली दिसली.

फलक काळा झाला. तेवढ्या क्षणात मी तिथे जाऊन आलो, त्या धक्क्यावर, जिथे पाण्याची रेघ हलत नाही. तीही गेली असावी.

दोन मीटर पाच.

सव्वादोनला वीस सेंटिमीटर कमी. कप्तानाने काचेतून फलक बघितला, मग बायकोकडे. तिने नाही अशी मान हलवली. त्याने इंजिन मंद केलं. प्रवासी कुरकुरले, एकाने घड्याळ दाखवलं. तो सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडला, "थांबा जरा! बायकोची परवानगी नाही!" लोक हसले आणि ती लाल झाली.

पाऊण तास फेरी दोराला हलत उभी राहिली. आकडा चढत होता, दर वेळी मध्ये तो अंधार. दोन बारा. दोन अठरा. धुक्यात कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. मला डुलकी लागली असावी, कारण मनगटावर दोन बोटं टेकली तेव्हा मी दचकलो.

तिची आई होती. माझी नजर तिच्याकडे येईपर्यंत ती थांबली. मग तिने समोर बोट दाखवलं.

धक्क्याशी फेरी नव्हती. दूर, दांड्याच्या जागी, धुक्यात एक फिकट दिवा पाण्यावरून सरळ पलीकडे चालला होता, कुठेही न अडता.